थेरोनची डुकरं

थेरोन हा कारभारी मरून दोन हजार दोनशे ऐंशी वर्षं झाली होती. त्यामुळे त्याच्या नेमणुकीच्या आदेशातून वैद्यकीय तपासणीची अट वगळण्यात आली.

आदेश निघाला त्या दिवशी पुण्यातल्या पत्रमानस प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. हेरंब गद्रे या तरुण संगणकतज्ज्ञाने पहिला पेढा यंत्रासमोर ठेवला, दोन मिनिटं आदराने थांबला आणि मग स्वतःच खाल्ला. दुसरा त्याने डॉ. विशाखा आगटे यांना दिला. आगटेबाई पपायरस वाचत. पपायरस म्हणजे पाणथळीतल्या लव्हाळ्यासारख्या झाडाच्या गाभ्यापासून केलेला, जुन्या इजिप्तमधला कागद. तो कोरड्या वाळूत दोन हजार वर्षं टिकतो आणि ओलीत दोन आठवडेही टिकत नाही. म्हणून बाईंना टेबलापाशी चहा मिळत नसे. तीस वर्षं त्यांनी तो दाराबाहेर उभ्याने प्यायला होता आणि आता बसून प्यायला तर त्यांना ठसका लागे.

कारभारी नेमायचा होता तो मंगळावरच्या लोहितनगर या शेतवसाहतीसाठी. अकरा घुमट, बासष्ट माणसं आणि बर्फ वितळवून मिळणारं पाणी, एवढा तिचा पसारा. मालकी पुण्यातल्या एका मंडळाची. अडचण संदेशविलंबाची होती. पृथ्वीवरून निघालेला शब्द मंगळावर पोचायला कधीकधी बावीस मिनिटं लागत. पहिल्या कारभाऱ्याने पुण्यात बसून बैठका घेतल्या. त्यांतल्या एका बैठकीत ‘आधी तुम्ही बोला’, ‘नाही नाही, तुम्ही’ एवढ्यालाच दीड तास गेला. दुसरा कारभारी थेट मंगळावर धाडला. महिन्याभरात त्याने एकसष्ट जणांना नाही म्हटलं, आणि मग त्याला जेवायला बसायला जागा मिळेना. तो पुढच्याच यानाने परतला. तिसरा कारभारी यंत्र होता. त्याने माणसांनी आजवर लिहिलेलं सगळं वाचलं होतं. पंप दुरुस्त करावा का, असं विचारल्यावर त्याने दोन्ही बाजू मांडल्या.

“बोलणं जमत नाही, फक्त पत्र जमतं, अशी शेती जगात कुणी केली आहे का?” मंडळाचे अध्यक्ष देवस्थळी यांनी वैतागून विचारलं होतं.

“केली आहे,” आगटेबाई म्हणाल्या होत्या. “इजिप्तवर ग्रीक राजे होते तेव्हा. राजाने दरबारातल्या एका बड्या अधिकाऱ्याला वाळवंटाच्या कडेची हजारो एकर जमीन इनाम दिली. हा साहेब राहायचा अलेक्झांड्रियात. जमीन बोटीने कितीतरी दिवसांवर. कालवे नवे, माणसं नवी, निम्म्यांची भाषा वेगळी. तिथे थेरोन नावाचा कारभारी बसवला. त्याने बारा वर्षं सगळा कारभार पत्रांवर चालवला.”

“आणि ती पत्रं आहेत?”

“एक हजार नऊशे चौदा. त्याच्या कचेरीच्या जागी, एका गठ्ठ्यात सापडली.”

पुढचं हेरंबने समजावलं. “साहेब, पत्रमानस म्हणजे अवघड काही नाही. गठ्ठ्यातली पत्रं क्रमाने यंत्राला वाचायला द्यायची. मग एक पत्र झाकायचं आणि म्हणायचं, इथवरचं वाचलंस ना, आता पुढचं तू लिही. चुकलं की दुरुस्त करायचं. असं लाखो वेळा. शेवटी त्याने शंभरातली चौऱ्याण्णव पत्रं अशी लिहिली की यातलं खरं कुठलं ते बाईंनाही सांगता आलं नाही.”

“म्हणजे आतमध्ये थेरोन तयार झाला?”

“पत्रापुरता. आपल्याला पत्रापुरताच हवा आहे. शिवाय इथून पुढे त्याला येणारं प्रत्येक पत्र त्याच गठ्ठ्यात जाईल. म्हणजे तो शिकतही राहील.”

देवस्थळींनी मान डोलावली. मेलेल्या माणसाला निवृत्तीवेतन द्यावं लागत नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं असावं.

थेरोनच्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात जो अर्ज आला तो अंबू खरमाटेचा. अंबू वैराग या गावची. सात नंबरच्या घुमटातलं जवस आणि सातू तिच्या हातचे. ती चार वर्षांसाठी म्हणून गेली त्याला नऊ वर्षं झाली होती. परतीचं यान सव्वीस महिन्यांतून एकदा सुटतं आणि त्यात खलाशांखेरीज एकच जागा असते. ती कुणाला द्यायची हे कारभारी ठरवतो आणि त्याचा निर्णय अंतिम असतो. आधीच्या खेपांना तिचा नंबर लागला नव्हता. मंगळावर माणसाचं वजन पृथ्वीवरच्यापेक्षा निम्म्याहून कमी भरतं, त्यामुळे हाडं आळशी होतात. एका मर्यादेखाली गेली की पृथ्वीवर ती माणसाला उभं करू शकत नाहीत. डॉक्टर तिला अस्थिसीमा म्हणतात. अंबू एक्कावन्न वर्षांची होती आणि सीमेपासून तिची हाडं चौदा महिन्यांवर होती. यान अडीच महिन्यांनी सुटणार होतं. त्याच्यानंतरचं तिच्या काहीच कामाचं नव्हतं.

तिचा अर्ज सरळ होता. “माझी वाट बघणारं तिकडं कुणी न्हाई. खोटं कशाला सांगू. मला फकस्त बंधाऱ्यावर उघड्या तोंडानं, दोन पायांवर उभं ऱ्हायचंय. तेवढ्यासाठी जागा द्यावी.”

उत्तर आलं. “थेरोन कारभारी यांच्याकडून अंबू खरमाटेला नमस्कार. तू खुशाल असशील तर उत्तम. मी खुशाल नाही. पीक निघालं की घरी पाठवतो, असं तू मला कबूल केलं होतंस. आता तिसरं पीक निघालं. माझी आई म्हातारी आहे. पहिल्या बोटीत मला जागा दे, म्हणजे मी तुझ्यासाठी देवापुढे हात जोडीन. खुशाल राहा.”

अंबूने ते दोनदा वाचलं. मग तिने दुसरा अर्ज केला.

बाकी वसाहतीत मात्र थेरोनची भलतीच वाहवा चालली होती. रघुवीर ढोणे हा पंप सांभाळायचा. चक्राचा दात मोडला आहे, असं त्याने कळवलं. कारभाऱ्याने उलट टपाली लिहिलं, “चाकाचा दात मोडून आठ दिवस झाले. मी दोनदा लिहिलं. पाणी चढत नाही. आम्हाला उपाशी मरायला सोडू नकोस.” ढोण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन कारभारी झाले, पण पंप बिघडला आहे हे आजवर एकानेही मान्य केलं नव्हतं. त्याने ते पत्र पंपावरच चिकटवलं. पंप अर्थातच बंद होता.

मंडळाने समाधानमापन केलं. बासष्टपैकी एकसष्ट माणसं कारभाऱ्यावर खूश निघाली. बासष्टावी अंबू.

आदेशात तळटीप होती. ‘कारभाऱ्याच्या भाषेविषयी शंका असल्यास डॉ. आगटे यांना लिहावे.’ अंबूने लिहिलं.

“बाई, रामराम. तुमचा कारभारी मायाळू हाय, त्यात वाद न्हाई. मी तीन अर्ज केले आन् त्यानं पाच. पण मला येक सांगा. सोमवारी ह्यो डुकरं राखतो. बुधवारी विटा पाडतो. काल म्हनला, मी विधवा हाय आन् दीर मला जमिनीवर पाय ठिवू दीना. बाई, तुमच्याकडनं मानूस येकच पाठवलाय न्हवं? यान सुटायला नऊ दिवस ऱ्हायलेत. कोन का असंना, त्यातल्या कुनाला तरी सही करायला सांगा.”

आगटेबाई ते पत्र घेऊन बाहेर गेल्या. चहा संपला तरी आत आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांनी गठ्ठ्यातली पन्नास पत्रं पडद्यावर मांडली आणि हेरंबला जवळ बोलावलं.

“हे वाच. फक्त पहिली ओळ.”

“‘पेतोसिरिसकडून थेरोनला नमस्कार.’”

“पुढचं.”

“‘थाएसिसकडून थेरोनला नमस्कार.’ ‘वीटकामगारांकडून थेरोनला नमस्कार.’” हेरंब वाचत गेला. दहाव्या पत्राला त्याचा आवाज बारीक झाला. “मॅडम, ही सगळी थेरोनला आलेली आहेत.”

“त्याच्या कचेरीत सापडली म्हटल्यावर आणखी कुठली असणार? माणसाने लिहिलेली पत्रं ज्याला लिहिली त्याच्या घरी जातात. तिथे पेतोसिरिसने ती चुलीत घातली असतील. कचेरीत उरतात ती आलेली.”

“पण यादीत नाव होतं, ‘थेरोनचा पत्रसंग्रह’. मी ते वाचून घेतलं.”

“ते नाव मीच दिलं. तीस वर्षांपूर्वी. या पत्रांत थेरोनचं अक्षर काय ते पाठीवर. प्रत्येक पत्राच्या मागे त्याने टिपून ठेवलंय. अमुक दिवशी मिळालं, अमक्याकडून, अमक्याबद्दल. बस. माझी एक संपूर्ण व्याख्यानमाला झाली आहे त्यावर. आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही की तू पुढची बाजू शिकवतोयस.”

हेरंब खुर्चीत बसला. “म्हणजे उद्या माझ्या टपालावरून कुणी मला घडवलं तर?”

“सोसायटीचा सेक्रेटरी, मोबाइलची कंपनी आणि तुझी सासू यांचं मिश्रण होईल. चांगलं बोलेल, पण तू नसशील.”

“आपण कारभारी पाठवलाच नाही तर.”

“नाही. कारभाऱ्याकडे तक्रार घेऊन गेलेली सगळी माणसं पाठवली. वर ‘थेरोन कारभारी’ असा मथळा तुझं यंत्र आपोआप छापतंय.”

त्याच दुपारी बाईंनी देवस्थळींना सगळं सांगितलं. देवस्थळी शांतपणे ऐकत होते. ऐकून त्यांनी समाधानमापनाचा तक्ता पुढे सरकवला.

“आगटेबाई, एकसष्ट. मंडळाच्या इतिहासात हा पहिला कारभारी, ज्याच्याविरुद्ध तक्रार नाही.”

“कारण तक्रार तोच करतो, साहेब.”

“हे पाहा, तुमचं म्हणणं मी नोंदवून घेतो. चौकशी समिती नेमू. तीन महिन्यांत अहवाल येईल.”

“यान नऊ दिवसांनी सुटतंय.”

“मग त्या बाईंना म्हणावं, कारभाऱ्यांकडे अर्ज करा.”

बाई परतल्या तेव्हा हेरंबने तोडगा काढून ठेवला होता. “दोन ओळी आपणच लिहू. ‘जागा मंजूर.’ वर मथळा छापला की झालं. कुणाला कळणार आहे?”

“मला.” बाईंनी चष्मा पुसला. “खोटी पत्रं ओळखण्याचा पगार घेतलाय मी, हेरंब. ती लिहायची असती तर केव्हाच श्रीमंत झाले असते.”

मग त्यांना जे करता येण्यासारखं होतं ते त्यांनी केलं. त्यांनी अंबूला खरं काय ते कळवलं. चूक माझी आहे, असंही लिहिलं. तुला जो लिहितो तो कारभारी नव्हे. ती तुझ्यासारखीच अडलेली माणसं आहेत. डुकरं राखणारा पेतोसिरिस घरी जाऊ मागत होता, बाकीची पाणी मागत होती. त्यांना मरून दोन हजारांहून जास्त वर्षं झाली. त्यांच्या हातात सही नाही.

अंबूचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.

“बाई, चूक व्हती मानसाकडनं. तुमी जिवाला लावून घिऊ नका. पण तुमचं पत्र वाचल्यापास्नं माझ्या मनाला येक गोष्ट खाती. ही मानसं रोज मला लिवत्यात. त्यास्नी उत्तर कोन देतंय?”

आगटेबाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं, “कोणी नाही.”

त्यानंतर पाच दिवस अंबूचं त्यांना पत्र आलं नाही. तिला वेळ नव्हता. सकाळी सातूला पाणी देऊन झालं की ती संदेशाच्या पाटीसमोर बसायची आणि उत्तरं द्यायची. आलेल्या एकेका पत्राला एकेक. विधवेला तिने लिहिलं, “दिराला म्हनावं, चार मानसांत ये आन् बोल. आल्याबिगर त्याला पाणी द्यायचं न्हाई.” चाकवाल्याला लिहिलं, “मोडका दात वितळून नवा पाड. साचा तीन नंबरच्या घुमटात फळीवर हाय.” विटा पाडणाऱ्यांना लिहिलं की चिखलात भुसा जास्त घाला. गोणपाट मागणाऱ्याला लिहिलं की न्हाई मिळायचं, आहे त्यालाच ठिगळ लाव. आणि पेतोसिरिस नावाचा डुकरं राखणारा, ज्याला घरी जायचं होतं, त्याला तिने जरा थांबून लिहिलं.

“पेतोसिरिसला रामराम. तुजं पत्र मिळालं. तू लई दिस थांबलास. आता जा घरी. जागा हाय. फकस्त जायच्या आदी डुकरं कुनाकडं सोपवली ते लिव, न्हाईतर ती बिचारी उपाशी ऱ्हातील.”

आश्वासनं देऊन तिचं काही जात नव्हतं, असं कुणी म्हणेल. पण त्या पाच दिवसांत तिने स्वतःचा अर्ज मात्र केला नाही. सहाव्या दिवशी, म्हणजे यान सुटायला दोन दिवस असताना, तिने शेवटचा म्हणून चौथा अर्ज टाकला. पहिल्या अर्जाचीच नक्कल. आशा नव्हती, पण अर्ज करायचा राहिला असं नको.

बावीस मिनिटांनी अर्ज पुण्यात पोचला, आणि त्यानंतर चार सेकंदांनी यंत्रातून उत्तर निघालं.

“थेरोन कारभारी यांच्याकडून अंबू खरमाटेला रामराम. तुजं पत्र मिळालं. तू लई दिस थांबलीस. आता जा घरी. जागा हाय. फकस्त जायच्या आदी डुकरं कुनाकडं सोपवली ते लिव.”

हेरंबने ते वाचलं आणि बाईंना हाक मारली. बाई चहाचा कप हातात घेऊनच आत आल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा.

“तू लिहिलंस?” त्यांनी करड्या आवाजात विचारलं.

“आईशप्पथ नाही. यंत्रानेच लिहिलं. आणि का लिहिलं तेही मला कळलं.” हेरंब उभा राहून बोलू लागला, एका जागी राहून त्याला बोलता येईना. “या गठ्ठ्यात एक हजार नऊशे चौदा पत्रं, आणि एकाही पत्रापुढे उत्तर नाही. अर्जामागून अर्ज. त्यामुळे अर्ज आला की पुढे काय लिहायचं? दुसरा अर्ज. त्याला बिचाऱ्याला उत्तर नावाची वस्तू असते हेच माहीत नव्हतं. आता अंबूताईंनी सदतीस पत्रांना उत्तरं दिली. ती गठ्ठ्यात गेली. उत्तर म्हणजे काय, याची जगातली एवढीच उदाहरणं त्याच्यापाशी आहेत.”

“म्हणजे आता आतमध्ये कारभारी आहे.”

“आहे. वैरागचा आहे.”

बाईंनी कप खाली ठेवला, मग दचकून परत उचलला. “पण मंगळावर डुकरं नाहीत, हेरंब.”

“नाहीत. पण त्याला काय माहीत? घरी जाणाऱ्याला उत्तर द्यायची एकच पद्धत त्याने पाहिली आहे. तीत डुकरं आहेत.”

मंजुरी सशर्त होती. शर्त पुरी केल्याखेरीज यानाचं दार उघडलं नसतं. अंबूने फार विचार केला नाही. तिने ढोण्याला विचारलं. कारभाऱ्याने त्यालाही आता अंबूच्याच शब्दांत उत्तर दिलं होतं. ढोणे नुकताच साचा शोधून, दात पाडून, पंप चालू करून आला होता आणि कारभाऱ्याने काम सांगितलं म्हणून जरा घुश्श्यात होता.

“डुकरं?” तो म्हणाला. “मला सांभाळता यायची न्हाईत. आमच्यात कुनी पाळलेली न्हाईत.”

“आरं, न्हाईतच ती.”

“न्हाईत म्हनूनच म्हनतो. असलेली कुनीबी सांभाळंल. न्हाई ती कशी सांभाळायची?” मग त्याने तिच्याकडे पाहिलं. झिजल्या हाडांनी ती भिंतीला टेकून उभी होती. “दे,” तो म्हणाला. “किती हायेत?”

अंबूने कारभाऱ्याला कळवलं, “डुकरं रघुवीर ढोणेकडं सोपवली. मानूस चांगला हाय.” मंजुरी पक्की झाली.

पण ही मंजुरी एका ठिकाणी अडकली. पंप सुरू झाल्यावर आणि ज्याला त्याला कामं सांगितली जाऊ लागल्यावर एका रात्रीत समाधानमापनाचा आकडा एकसष्टवरून अठ्ठावीसवर घसरला होता. त्यामुळे मंडळाने कारभाऱ्याचे आदेश आता प्रथमच वाचायला घेतले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी देवस्थळींचं पत्र प्रयोगशाळेत आलं. ‘आदेशात डुकरांचा उल्लेख आढळतो. वसाहतीत डुकरं आहेत काय, हे आपण तज्ज्ञ म्हणून आज सायंकाळपर्यंत प्रमाणित करावे. नसल्यास हा यंत्राचा बिघाड समजून आदेश व त्यान्वये दिलेली जागा रद्द करण्यात येईल.’

खोटं लिहा, असं हेरंबला बाईंना पुन्हा सांगायचं नव्हतं.

आगटेबाईंनी कोरा कागद पुढे ओढला. थेरोनच्या डुकरांवर त्यांनी तारुण्यात एक लेख लिहिला होता. जात कोणती, कळप केवढा, चारा कुठला. तो लेख चांगला होता. पण त्या डुकरांपैकी एकही बाईंनी पाहिलं नव्हतं. एका पेतोसिरिसने लिहिलं होतं आणि बाईंनी विश्वास ठेवला होता. पेतोसिरिसला घरी जायचं होतं, एवढं मात्र नक्की होतं.

त्यांना थेरोनविषयीही काहीतरी वाटून गेलं. तीस वर्षं त्या त्याला निगरगट्ट समजत आल्या होत्या. आलेलं टिपून ठेवणारा आणि काही न करणारा. पण जो उत्तरच देत नाही त्याला माणसं बारा वर्षं कशाला लिहितील? दोन वर्षांत नाद सोडतील. तो देत असला पाहिजे. सगळ्यांना. आणि ती सगळी उत्तरं लोकांच्या घरी जाऊन संपली.

त्यांनी पेन उचललं. तज्ज्ञाने लिहावं तसं, एकही शब्द पुराव्याबाहेर न टाकता लिहिलं.

‘लोहितनगरच्या कारभाराचा संपूर्ण पत्रसंग्रह मी तपासला आहे. त्यात डुकरांचे उल्लेख सुरुवातीपासून अखेरपर्यंत सातत्याने येतात. त्यांची राखण, चारा व हस्तांतरण यांविषयी परस्परांना दुजोरा देणारी पत्रे आहेत. डुकरे नाहीत असे सांगणारे एकही पत्र संग्रहात नाही. उपलब्ध कागदपत्रांवरून आहेत असेच म्हणावे लागते.’

खाली सही केली. हेरंबने ते वाचून विचारलं, “मॅडम, हे खरं आहे?”

“शब्दन्‌शब्द,” बाई म्हणाल्या. “आणि याच पुराव्यावर मी डॉक्टरेट मिळवली आहे.”

यान वेळेवर सुटलं.

सव्वीस महिन्यांनी आगटेबाई वैरागला गेल्या. अंबू बंधाऱ्यावर होती. बसायला खुर्ची ठेवलेली होती, पण ती तिच्या पाठीला धरून उभी होती. रोज अकरा मिनिटं उभं राहता येतं, असं तिने अभिमानाने सांगितलं. पहिल्या महिन्यात दोनच मिनिटं जमत. वारं तिच्या तोंडावर येत होतं आणि त्याबरोबर बरीच धूळही, पण तिने तोंड फिरवलं नाही.

बाईंनी तिला वसाहतीची खबर सांगितली. चौकशी समितीचा तीन महिन्यांचा अहवाल अजून यायचा होता. कारभारी ठीक चालला होता. तो थोडक्यात लिही, कामं सांगे, काही वेळा नाही म्हणे. लोक त्याच्यावर कुरकुरत आणि त्यालाच लिहीत. ढोणे दर महिन्याला डुकरांचा अहवाल पाठवी. आधी तो नुसतं ‘ठीक’ लिहायचा. मग कारभाऱ्याने विचारलं, पाणी पुरतं का. पुरत नाही, असं ढोण्याने कळवल्यावर रोज दोनशे लिटर जास्तीचं पाणी मंजूर झालं. ते सात नंबरच्या घुमटाला जातं. सातू छातीएवढा झाला आहे.

“आन् ढोण्या?”

“या खेपेला त्याचा नंबर आहे. अर्ज केला, कारभाऱ्याने मंजूर केला. तीच शर्त. डुकरं कुणाकडे सोपवली ते लिही.” बाईंनी पदराने कपाळ पुसलं. “आता तिथे सगळ्यांना कळलंय, ज्याच्याकडे डुकरं त्याची पुढची पाळी. अकरा जण घ्यायला तयार आहेत. ढोण्याला रोज कुणीतरी जेवायला बोलावतं.”

अंबू अजून उभीच होती. तिची अकरा मिनिटं होऊन गेली होती, पण बाईंनी सांगितलं नाही.

“त्याला कळवा बाई,” ती म्हणाली. “ज्याला जनावराची माया हाय त्यालाच द्यावी. नुसतं घरी जायचंय म्हनून घेनाऱ्याकडं नगं.”